फिरऔनचे मीठ

जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीबाहेर अत्तर, टोप्या, मिस्वाक आणि खजूर यांच्या शेजारी एक चादर अंथरलेली असते. तिच्यावर पुस्तिका मांडलेल्या असतात. त्यातली एक पुस्तिका कधी खपायची थांबत नाही. मुखपृष्ठावर सुकून काळे पडलेले एक प्रेत. आत लिहिलेले असते की हजरत मूसांचा पाठलाग करताना बुडालेला फिरऔन तो हाच. शास्त्रज्ञांना त्याच्या अंगावर समुद्राचे मीठ सापडले आणि कुरआनची सत्यता विज्ञानाने सिद्ध झाली. आम्ही ही पुस्तिका उर्दूत पाहिली, हिंदीत पाहिली, मराठीत पाहिली. आता ती मोबाइलवर येते आणि तिच्याखाली शंभरजण 'सुभानल्लाह' लिहितात.

आधी त्या चित्राविषयी. पुष्कळदा ते चित्र कोणत्याही फिरऔनचे नसतेच. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाय पोटाशी घेऊन कुशीवर निजलेला एक माणूस ठेवला आहे. दक्षिण इजिप्तमधल्या गेबेलैन या ठिकाणी वाळूत तो मिळाला. पिरॅमिड बांधले गेले त्याच्या कित्येक शतके आधीचा कोणी साधा माणूस. तापलेल्या वाळूने त्याला आपोआप सुकवले. त्या बिचाऱ्याला आपण फिरऔन करून टाकले. ज्या पुस्तिकांत खरोखरीचा राजा असतो त्यांत तो कधी दुसरा रामसेस असतो, कधी त्याचा मुलगा मेर्नेप्ताह. रामसेस नव्वदीच्या आसपास, सांधे आखडून आणि दात किडून मेला. १९७६ साली त्याची ममी पॅरिसला नेली ती बुरशीवर इलाज करायला. मेर्नेप्ताहच्या कातडीवर मिठाचे कण दिसले, हे खरे आहे. पण ममी करण्याची रीतच मुळी मिठाची आहे! प्रेत नॅट्रॉन नावाच्या खारात झाकून चाळीसेक दिवस सुकवायचे, हा त्या विधीचा गाभा. नॅट्रॉन म्हणजे निसर्गात मिळणारे सोड्याचे आणि मिठाचे मिश्रण. खाऱ्या बांगड्याच्या अंगावर मीठ आहे, म्हणजे तो समुद्रात बुडून मेला असणार, असे म्हणण्यासारखे हे झाले. कोकणातल्या आमच्या कोणत्याही फुफीला हे सांगून पाहा. ती हसेल.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. याच मेर्नेप्ताहचा एक विजयशिलालेख १८९६ साली फ्लिंडर्स पेट्रीला थीब्ज येथे सापडला. राजाच्या कारकीर्दीच्या पाचव्या वर्षाचा, म्हणजे साधारण इसवी सनापूर्वी १२०८ चा. 'इस्राईल' हे नाव बायबलच्या बाहेर सर्वांत आधी याच दगडावर स्पष्ट दिसते, आणि ते दिसते कनानमध्ये हरवलेल्या लोकांच्या यादीत. म्हणजे ज्या राजाच्या अंगावरच्या मिठाने बनी इस्राईलचे इजिप्तमधून निघणे सिद्ध करायचे, त्याच राजाच्या दगडावर ते लोक आधीच कनानमध्ये जाऊन बसलेले आहेत. मोरिस बुकाय या फ्रेंच डॉक्टरने १९७६ साली आपल्या गाजलेल्या पुस्तकात मेर्नेप्ताहलाच बुडालेला फिरऔन ठरवले आणि या दगडाचा गुंता सोडवण्यासाठी बरीच कसरत केली. आपल्या पुस्तिकांनी ती कसरत गाळली आणि मीठ तेवढे ठेवले.

कुरआनमध्ये फिरऔनचे नाव नाही. साल नाही. तो रामसेस की मेर्नेप्ताह हे सांगण्याची गरज कुरआनला वाटलेली नाही. सूरा यूनुसमध्ये त्याचा देह मागच्यांसाठी निशाणी म्हणून राखला जाईल अशा आशयाची आयत आहे, तिचा रोख जुलूम करणाऱ्याच्या शेवटाकडे आहे. कैरोच्या म्युझियमच्या तिकिटाकडे तो नाही. मग ही गरज कोणाला वाटली? ती वाटली आपल्याला. कोणी गोरा डॉक्टर, कोणी प्रयोगशाळा, कोणी यंत्र येऊन आपल्या किताबला 'पास' म्हणेल तर आपल्याला धीर येतो. हा न्यूनगंड आहे, आणि आपण त्याला ईमान म्हणतो आहोत.

हा रोग मूळचा आपला नाही. तो आपण उसना घेतला आहे. तो जिथून आला तिथे त्याने काय केले हे नीट पाहिले पाहिजे, कारण मशिदीबाहेरच्या त्या चादरीवर जी गंमत वाटते, तिनेच दुसऱ्या जागी लोकांची घरे नेली आहेत.

१८६५ साली लंडनमध्ये 'पॅलेस्टाइन एक्सप्लोरेशन फंड' स्थापन झाला. राणी व्हिक्टोरिया त्याची आश्रयदाती. हेतू शास्त्रीय म्हणून सांगितला गेला: बायबलच्या भूमीचा इतिहास, भूगोल, लोकजीवन यांचा अभ्यास. प्रत्यक्षात मोजणी करायला गेले ते ब्रिटिश लष्कराचे इंजिनिअर. जेरुसलेमच्या हरम शरीफभोवती विहिरीसारखे खड्डे आणि भुयारे खणणारा चार्ल्स वॉरन लष्करी अधिकारी होता. पश्चिम पॅलेस्टाइनचा इंचाइंचाचा नकाशा काढणारे काँडर आणि किचनेर हेही लष्करीच. पुढे हाच किचनेर हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होऊन इकडे आला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, १९१४ साली, सिनाईलगतच्या वाळवंटात लष्करी नकाशे काढायचे होते. तुर्कांना संशय येऊ नये म्हणून बरोबर दोन पुरातत्त्वज्ञ दिले गेले: लेनर्ड वूली आणि टी. ई. लॉरेन्स. बनी इस्राईलचा रानावनातला मार्ग शोधत आहोत, असे सांगण्यात आले. बायबल पुढे, होकायंत्र मागे. त्या दोघांनी अभ्यासही चांगला केला, अहवालही चांगला लिहिला, हे मान्य केले पाहिजे. विद्या खोटी नव्हती. ती कोणाच्या गाडीला जुंपली आहे, एवढाच प्रश्न होता.

या शोधाची पद्धत उलटी होती. आधी किताबमधला प्रसंग घ्यायचा, मग त्याला साजेशी भिंत जमिनीत शोधायची. यरीहोचे उदाहरण घ्या. अरबीत या गावाला अरीहा म्हणतात. बायबलमध्ये यहोशवा (आपल्याकडचे यूशा बिन नून) यांच्या लोकांनी शहराला फेऱ्या घातल्या, रणशिंगे फुंकली आणि तट कोसळला, अशी कथा आहे. १९३० ते १९३६ या काळात जॉन गारस्टँगने तिथले तेल अस-सुल्तान हे टेकाड खणले. पैसा सर चार्ल्स मार्स्टन नावाच्या श्रीमंत गृहस्थाचा, ज्याला बायबल अक्षरशः खरे ठरवायचे होते. गारस्टँगला कोसळलेले तट सापडले. यहोशवाचे तट हेच, असे त्याने जाहीर केले. वर्तमानपत्रे भरून गेली, चर्चमध्ये प्रवचने झाली. मशिदीबाहेरच्या पुस्तिकेचाच हा इंग्रजी अवतार.

मग १९५२ साली कॅथलीन केन्यन तिथे आली. तिचे वडील सर फ्रेडरिक केन्यन ब्रिटिश म्युझियमचे संचालक आणि बायबलचे गाढे अभ्यासक. मुलगीही धर्मश्रद्धा असलेली. म्हणजे बायबल खोटे पाडण्याचा तिचा इरादा होता असे कोणी म्हणू शकणार नाही. तिने फक्त एक केले. मातीचा प्रत्येक थर वेगळा ठेवला. चराच्या उभ्या कडेवर थर वाचायचे, रेखाटायचे, कोणते खापर कोणत्या थरातले याची नोंद करायची, वरचा खड्डा खालच्या थरात घुसला असेल तर तो ओळखायचा. १९५८ पर्यंत हे काम चालले. निष्कर्ष असा निघाला की गारस्टँगचे तट यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या सुमारे हजार वर्षे आधीचे आहेत, आणि त्या काळात यरीहोला पाडण्याजोगा तटच नव्हता. पण त्याच टेकाडाच्या तळाशी तिला जे मिळाले ते कोणत्याही किताबमध्ये नव्हते: सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा, आत जिना असलेला, साडेआठ मीटर उंचीचा दगडी बुरूज, आणि चेहऱ्यावर चुना लिंपून डोळ्यांच्या जागी शिंपले बसवलेल्या मानवी कवट्या. मातीची भांडी करायलाही न शिकलेल्या माणसांनी ते बांधले होते. किताब बाजूला ठेवून खणले म्हणून ते दिसले.

यहोशवाचा तट गेला म्हणून केन्यनची श्रद्धा गेली नाही. आपण हे लक्षात घेत नाही.

आता नावांविषयी. १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन पंडित बायबलमधली गावे शोधत पॅलेस्टाइनमध्ये फिरला. बरोबर ईलाय स्मिथ हा अरबी उत्तम जाणणारा मिशनरी होता. त्यांची युक्ती साधी होती. मठातल्या साधूंना न विचारता शेतकऱ्यांना गावाचे नाव विचारायचे. अनाता म्हटले की बायबलमधले अनाथोथ. मुखमास म्हणजे मिखमाश. बैतीन म्हणजे बेथेल. जेरुसलेमच्या वायव्येला अल-जीब नावाचे खेडे आहे, ते गिबोन असावे असे रॉबिन्सनने म्हटले. पुढे १९५६ पासून जेम्स प्रिचर्डने तिथे उत्खनन केले तेव्हा खडकात कोरलेले प्रचंड गोल कुंड लागले, आणि त्यातल्या भरावात घड्यांचे कान मिळाले. त्यांवर जुन्या हिब्रू लिपीत गावाचे नाव कोरलेले: गिबोन. जीब आणि गिबोन. राज्ये बदलली, भाषा बदलल्या, लोकांनी धर्म बदलले, पण गावाने नाव सांभाळले होते. ते सांभाळणारे लोक अल-जीबचे अरब शेतकरी, बहुतेक अक्षरशत्रू, आणि मुसलमान.

बायबलच्या भूगोलाची चावी मुसलमान शेतकऱ्याच्या तोंडात होती, आणि त्याचे नाव एकाही नकाशावर नाही. कारण पंडितांना त्याच्याकडून शब्द हवा होता, तो नको होता. १९४९ साली बेन-गुरियन यांनी समिती नेमून नकब वाळवंटातल्या डोंगर-ओढ्यांची अरबी नावे काढून हिब्रू नावे घालायला सुरुवात केली; पुढे साऱ्या देशासाठी तशीच समिती झाली. ज्या अरबी नावांच्या आधारे हिब्रू नावे सापडली, तीच अरबी नावे मग नकाशावरून खरवडली गेली. शिडीवर चढायचे आणि शिडी जाळायची.

मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांचे तसेच. १९४६-४७ च्या सुमारास तआमिरा टोळीतल्या मुहम्मद अद-दीब या बदू पोराला गुहेत मडकी सापडली, मडक्यांत चामड्याच्या गुंडाळ्या. त्यातल्या चार गुंडाळ्या सीरियन चर्चच्या धर्माधिकाऱ्याने २४ पौंडांना घेतल्या. १९५४ साली त्याने अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात छोटी जाहिरात देऊन त्या अडीच लाख डॉलरला विकल्या. गुपचूप खरेदी करून घेणारा यिगाएल यादीन, इस्राईलचा माजी लष्करप्रमुख आणि पुरातत्त्वज्ञ. पोराला काय मिळाले ते विचारू नका.

पण या गुंडाळ्यांनी काय सांगितले, ते मात्र विचारले पाहिजे. आपल्याकडच्या जलशांत ठोकून सांगितले जाते की या गुंडाळ्यांनी बायबलमधली तहरीफ उघडी पाडली. त्यातली यशयाची मोठी गुंडाळी इसवी सनापूर्वी शंभराच्या आसपासची आहे. आधीच्या हिब्रू प्रती तिच्याहून हजार वर्षांनी अलीकडच्या होत्या. दोन्ही ताडून पाहिल्या तर लेखनाचे आणि शब्दांचे पुष्कळ फरक निघतात, पण ग्रंथ तोच आहे. उलट यिर्मयाच्या काही तुकड्यांत वेगळा, आखूड पाठ आहे, म्हणजे त्या काळी एकाच ग्रंथाचे दोन पाठ शेजारी शेजारी नांदत होते. हे ना पाद्रीसाहेबांच्या सोयीचे, ना आपल्या मुनाझरेबाज मौलवीसाहेबांच्या. कागद कोणाची सोय पाहत नसतो. २०१५ साली बर्मिंगहॅममधल्या कुरआनच्या पानांचे चामडे इसवी सन ५६८ ते ६४५ मधले निघाले तेव्हा आपण मिठाई वाटली, कार्बनची ती तपासणी आपल्याला लगेच पटली. पण १९७२ मध्ये सनाच्या मोठ्या मशिदीत सापडलेल्या, पुसून पुन्हा लिहिलेल्या पानांखालच्या पाठात काही शब्द आणि सूरांचा क्रम वेगळा दिसतो असे अभ्यासकांनी सांगितले, तेव्हा ती लगेच साजिश झाली. तपासणी तीच, मनाजोगती असेल तर विज्ञान आणि नसेल तर यहुद्यांची चाल. हा कोणता इन्साफ?

जेरुसलेमकडे येऊ. १९६७ च्या युद्धानंतर, १० जूनच्या रात्री, पश्चिम भिंतीसमोरचा मगरिबी मोहल्ला बुलडोझरने पाडला गेला. सलाहुद्दीनचा मुलगा अल-अफजल याने ११९३ साली मगरिबमधून आलेल्या यात्रेकरूंसाठी वक्फ केलेली ही वस्ती. सुमारे १३५ घरे. लोकांना निघायला घटकाभराचा वेळ मिळाला. पौने आठशे वर्षांचा थर एका रात्रीत गेला, आणि तो खणून काढायला कोणी पुरातत्त्वज्ञ आला नाही. हरमच्या दक्षिणेला सिलवान आहे. तिथे 'दाऊदचे शहर' नावाचे उद्यान चालवण्याचे काम एलाद या वसाहतवादी संस्थेकडे आहे. वर पॅलेस्टिनी कुटुंबांच्या घरांवर ताबे आणि पाडकामाच्या नोटिसा, खाली भुयारे. २००५ साली तिथे एलात माझार यांनी दाऊदचा राजवाडा सापडल्याचे जाहीर केले. तो दाऊदचा नाही असे सांगायला पुढे आले तेही तेल अवीव विद्यापीठातलेच पुरातत्त्वज्ञ.

ही शेवटची गोष्ट आपल्या सभांतून गाळली जाते. १९९९ साली झेएव हर्झोग या इस्राईली प्राध्यापकाने 'हारेत्झ'मध्ये लिहिले की सत्तर वर्षे खणूनही कुलपितरांची भटकंती, इजिप्तमधून निर्गमन, कनानवरची झपाट्याची स्वारी यांपैकी काहीही जमिनीत सापडलेले नाही. २००१ मध्ये इस्राईल फिंकेलस्टाइन आणि नील सिल्बरमन यांचे पुस्तक आले, त्याचाही सूर तोच. स्वतःच्या समाजाची शिवीगाळ खाऊन त्यांनी हे लिहिले. हरमच्या दक्षिण बाजूला १९६८ पासून बेंजामिन माझार यांनी सुलेमानच्या काळाच्या आशेने खणले आणि लागले काय, तर उमय्यद खलिफांचे भलेमोठे वाडे, ज्यांची कोणाला आठवणही राहिली नव्हती. ते वाडे त्यांनी छापून प्रसिद्ध केले. युद्धात जिंकलेल्या जमिनीवर खणले ते गैरच, युनेस्कोने त्याचा वारंवार निषेध केला तो बरोबरच. तरीही उमय्यदांचे वाडे आज आपल्याला ठाऊक आहेत ते त्यांच्यामुळे.

आपण हर्झोग-फिंकेलस्टाइनचे दाखले टाळ्या वाजवून देतो: बघा, यहुद्यांचा इतिहास खोटा निघाला. पण इजिप्तमधून निघालेले मूसा आपलेही आहेत ना? हर्झोग त्यांच्यापुरता बरोबर आणि आपल्यापुरता चूक, असे कसे चालेल? पुरावा सापडत नाही म्हणून मूसा झालेच नाहीत असे ठरत नाही. माती याविषयी बोलत नाही, एवढेच. माती बोलत नाही तिथे ईमान बोलू शकते, बोलावे. फक्त मातीच्या नावाने बोलू नये.

आपल्या हातूनही काही झाले आहे. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये हरम शरीफच्या आग्नेय कोपऱ्यात मरवानी मुसल्ल्याला बाहेर पडायची वाट करण्यासाठी यंत्रे लावून मोठा खड्डा खणला गेला. हजारो टन माती ट्रकने नेऊन दरीत टाकली. जागा वक्फची, हक्क वक्फचा, आणि इस्राईली पुरातत्त्व खात्याला आत येऊ द्यायचे नव्हते हेही समजते. पण कैरोचे, अम्मानचे, खुद्द पॅलेस्टाइनच्या बीरझैत विद्यापीठाचे मुसलमान पुरातत्त्वज्ञ बोलावता आले असते. त्या मातीत उमय्यद होते, फातिमी होते, मम्लूक होते. आपणच आपला इतिहास दरीत ओतला. २००४ पासून तो चाळून काढायला बसले ते दुसरेच, आणि त्या कामाला पैसा मिळाला एलादचा. पुढचे सांगायला नको.

आणि २००० साली कॅम्प डेव्हिडला यासिर अराफात यांनी म्हटले की तिथे यहुद्यांचे मंदिर कधी नव्हतेच. अमेरिकी मध्यस्थांनी हे नोंदवून ठेवले आहे. तेव्हापासून हे वाक्य आपल्याकडेही फिरते. १९२५ साली जेरुसलेमच्या सर्वोच्च मुस्लिम परिषदेने, म्हणजे हाज अमीन अल-हुसैनींच्या संस्थेने, प्रवाशांसाठी छापलेल्या छोट्या मार्गदर्शिकेत ही जागा सुलेमानच्या मंदिराचीच हे निर्विवाद असल्याचे सांगितले होते. आपण बैतुल मुकद्दस म्हणतो तो शब्दच हिब्रूतल्या मंदिराच्या नावाचा सख्खा भाऊ आहे. सतराव्या सूरेचे दुसरे नावच बनी इस्राईल, आणि त्या सूरेत शत्रू घुसल्याची हकीकत आहे त्या मशिदीचा अर्थ आपल्या जुन्या मुफस्सिरांनी तेच मंदिर असा लावला. ते नाकारायला निघालेला मुसलमान नेतान्याहूला नाकारत नाही, तो तबरीला नाकारतो. राशनकार्डावर इब्राहिम, इस्माईल, याकूब, यूसुफ, मूसा, दाऊद, सुलेमान लावणाऱ्या आपल्या समाजाने यहुद्यांचे त्या भूमीशी नाते नाही म्हणावे, हे हास्यास्पद आहे. रायगड जिल्ह्यात नवगावला उतरल्याची कथा सांगणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्राईल पिढ्यान्‌पिढ्या आपले शेजारी होते. आपल्याइतकीच मराठी बोलणारे. त्यांच्या पूर्वजांचे तारू फुटले होते की नाही, याचा पुरावा आपण कधी मागितला नाही.

नाते असणे वेगळे आणि सातबारा असणे वेगळे, हे मात्र ठणकावून सांगितले पाहिजे. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे दाऊद राज्य करत असेल, म्हणून सिलवानमधल्या आजच्या बाईचे स्वयंपाकघर कोणाचे होत नाही. हा आपला युक्तिवाद असायला हवा होता. त्याऐवजी आपण दाऊदच नव्हता म्हणू लागलो, आणि उद्या एखादे दाऊदच्या नावाचे खापर निघाले की हरलो. तसे निघालेही आहे: १९९३ मध्ये तेल दानला सापडलेल्या अरामी शिलालेखात 'दाऊदचे घराणे' हे शब्द आहेत. मग आता सिलवान देऊन टाकायचे का?

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल त्यांनी एक धागा पाहावा. केन्यनने थर वाचण्याची पद्धत शिकली ती मॉर्टिमर व्हीलरकडून, १९३० च्या सुमारास इंग्लंडमधल्या उत्खननात. हाच व्हीलर १९४४ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचा प्रमुख होऊन आला आणि त्याच वर्षी तक्षशिलेला त्याने तरुणांसाठी शिकवणी-उत्खनन घेतले. त्यात शिकलेले एक विद्यार्थी बी. बी. लाल. एका गुरूचे दोन चेले. एकीने किताब बाजूला ठेवून यरीहोचा तट यहोशवापासून सोडवला. दुसऱ्याने हस्तिनापुरात महाभारत शोधले, मग 'रामायणातील स्थळां'चा प्रकल्प घेतला, आणि १९९० साली अयोध्येच्या चरातले विटांचे ढीग मंदिराच्या खांबांचे पाये असल्याचे लेख लिहून सांगितले. दोन वर्षांनी, ६ डिसेंबरला, काय झाले ते आपल्याला सांगायला नको. २००३ साली न्यायालयाच्या आदेशाने तिथे खणले गेले. २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच म्हटले की खालची वास्तू बाराव्या शतकातली, मशीद सोळाव्या शतकातली, मधल्या चारशे वर्षांचा पुरावा नाही. मशिदीसाठी मंदिर पाडले असे पुरातत्त्व खात्याने सांगितलेले नाही. आणि उत्खननावरून मालकी ठरत नाही. तरीही जागा गेली.

त्या २००३ च्या चरांवर वक्फ बोर्डाच्या वतीने उन्हात उभे राहून एकेक थर तपासणारे कोण होते? सुप्रिया वर्मा आणि जया मेनन. त्याआधी अयोध्येच्या प्रश्नावर पुरातत्त्वज्ञ म्हणून उभे राहिलेले सूरजभान, डी. मंडल, शिरीन रत्नागर. आपले मोठे इतिहासकार कागदपत्रांच्या बाजूने होते, पण चरात उतरून खापर हातात घेऊन बोलू शकणारे बहुतेक सगळे आपल्या समाजाबाहेरचे. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. आपण त्या काळात काय करत होतो? फिरऔनचे मीठ वाटत होतो.

तिकडे मोसूलमध्ये २४ जुलै २०१४ रोजी दाइशने हजरत यूनुसची दर्गाह-मशीद सुरुंग लावून उडवली, आणि मग तिच्याखाली भुयारे खणून अश्शूरी राजा एसारहद्दोनच्या राजवाड्यातल्या वस्तू विकण्यासाठी उपसल्या. तौहीदच्या नावाने वरची कबर फोडायची, खालच्या मूर्ती बाजारात न्यायच्या. याला आपल्याकडे कोणी फारसे बोलले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गाझाची उमरी मशीद बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाली तेव्हा मोर्चे निघाले, निघायलाच हवे होते. यूनुससाठी एकही निघाला नाही.

कुरआन पुन्हा पुन्हा सांगते की जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शिबलींचे शिष्य सय्यद सुलेमान नदवी यांनी 'तारीखे अर्जुल कुरआन' लिहिले, तेव्हा तौरात, ग्रीक-रोमन लेखक, दक्षिण अरबस्तानातल्या शिलालेखांवरचे युरोपी संशोधन, सगळे समोर घेतले. आझमगढसारख्या गावात बसून. त्यांच्या काही गोष्टी आज जुन्या झाल्या, पण ते वाचत होते, पत्रव्यवहार करत होते, परक्यांचे म्हणणे तपासून मग मानत किंवा खोडत होते. मराठीत त्या दर्जाचे एक पुस्तक आपल्याकडे नाही. हिब्रू किंवा अरामी वाचता येणारा एक मराठी मुसलमान आम्हाला आजवर भेटलेला नाही. आणि पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, जिथे सांकळियांनी नेवाशाची पांढरी खणून महाराष्ट्राचा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी उभा केला. ते आपल्या वस्त्यांपासून एसटीच्या अंतरावर आहे. गारस्टँगसारख्यांचा आणि लालसारख्यांचा प्रतिवाद तिथल्यासारख्या चरांत होतो, जलशाच्या स्टेजवर होत नाही.

आमचा एक भाचा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, इतिहास घेऊन. गेल्या रमजानात तरावीहनंतर त्याने ती फिरऔनची पुस्तिका आणून आमच्यापुढे टाकली आणि विचारले, मामू, हे खरे का? आम्ही त्याला नॅट्रॉन सांगितले, मेर्नेप्ताहचा दगड सांगितला, केन्यन सांगितली. तो गप्प ऐकत राहिला. आमच्या मनात धाकधूक होती की पोराच्या ईमानला आपण धक्का तर देत नाही ना. सहरीच्या वेळी तो परत आला आणि विचारू लागला, डेक्कन कॉलेजात प्रवेशाला काय लागते, आणि हिब्रू कुठे शिकवतात. पहिल्याचे उत्तर आम्ही दिले. त्याच्या अब्बांनी त्याला बी.एड.च्या सीईटीचा फॉर्म भरायला सांगितले आहे. त्याने तो अजून भरलेला नाही.